ही मुद्रा कोणाची?

शास्त्रपाठ : मलाखी १:६-१४, मत्तय २२:१५-२२, २ करिंथ १३:५-८



परूशी आणि हेरोदी यांचे एरवी एकमेकांशी पटत नसे. परंतु प्रभू येशूला बोलण्यात पकडायचे ठरल्यावर ते एक झाले आणि कराचा प्रश्न घेऊन त्याच्याकडे आले. प्रभूने लगेच उत्तर दिले नाही. त्याने आधी नाणे मागितले. ते त्याच्याजवळ नव्हते. प्रश्न विचारणाऱ्यांजवळ होते. त्यांनीच दीनार काढून दाखवला. त्यावर तिबिर्य कैसराचा मुखवटा होता आणि कडेने लेख होता. त्या लेखात कैसराला दैवी ऑगस्टसाचा पुत्र म्हटलेले होते. ही मुद्रा कोणाची व हा लेख कोणाचा, एवढेच प्रभूने विचारले. उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेतले आणि मग आज्ञा केली, की कैसराचे ते कैसराला द्या आणि देवाचे ते देवाला द्या.

या उताऱ्यावरून कर भरण्याविषयी आणि सरकारविषयी आपण पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. आज त्या आज्ञेच्या उत्तरार्धाकडे लक्ष देऊ. ज्या धातूवर कैसराची मुद्रा आहे तो कैसराचा. मग देवाची मुद्रा कशावर आहे? याचे उत्तर पवित्र शास्त्राच्या पहिल्याच अध्यायात आहे. देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाप्रमाणे निर्माण केले (उत्पत्ती १:२७). म्हणजे देवाला द्यायची वस्तू आपण स्वतःच आहोत. पण दिलेली वस्तू खरी असावी लागते. बाजारात जसे खरे नाणे असते तसे खोटेही असते, आणि म्हणूनच पौल करिंथकरांना सांगतो, की आपण विश्वासात आहोत की नाही याची स्वतःच परीक्षा करा. तेथे त्याने जो ग्रीक शब्द वापरला आहे, 'दोकिमाझो', तो धातू आणि नाणी पारखण्याच्या कामातला आहे.

ही पारख कशी करायची ते शिकण्यासाठी फार दूर जायला नको. आपल्या खिशातली पाचशे रुपयांची नोट पुरे आहे.

नोटेची ओळख

सध्याची पाचशेची नोट नोव्हेंबर २०१६ पासून चालू आहे. ती ६६ मिलिमीटर रुंद आणि १५० मिलिमीटर लांब आहे. रंग दगडी राखाडी, पुढे मध्यभागी महात्मा गांधींचे चित्र आणि मागे लाल किल्ला व त्यावर तिरंगा. भारतातील नोटा चार ठिकाणी छापल्या जातात : नाशिक, देवास, म्हैसूर आणि पश्चिम बंगालमधील सालबोनी. इंदूरच्या वाचकांना देवास काही लांब नाही. नोटेचा कागद लाकडाच्या लगद्याचा नसतो. तो संपूर्ण कापसाचा असतो. म्हणून तो आपल्या वहीच्या कागदासारखा लिबलिबीत होत नाही, कुरकुरीत लागतो.

खरी नोट ओळखण्यासाठी तीन गोष्टी करायच्या असतात. ती उजेडासमोर धरायची, बोटांनी चाचपायची आणि तिरपी करून पाहायची. या तिन्ही गोष्टी आपण आपल्या ख्रिस्ती जीवनाला लावून पाहू.

१. उजेडासमोर धरा

नोटेची पांढरी रिकामी जागा उजेडासमोर धरली की तेथे महात्मा गांधींचा चेहरा आणि ५०० हा आकडा दिसतो. हे जलचिन्ह होय. ते छापलेले नसते. कागद तयार होत असताना, ओला लगदा जाळीच्या फिरत्या नळकांड्यावर जमत असताना, त्या जाळीवर आधीच घडवलेल्या उंचसखल आकृतीमुळे कोठे तंतू जाड बसतात तर कोठे विरळ. जाड तेथे सावली, विरळ तेथे उजेड. कागद वाळला की ते चिन्ह त्याच्या अंगातलेच होऊन जाते. पुढे कितीही छापले, घडी घातली, नोट मळली तरी ते जात नाही. आणि कागद एकदा तयार झाल्यावर ते चिन्ह आत घालण्याचा उपाय नाही. नकली नोट करणारा पुष्कळदा फिकट शाईने किंवा तेलकट पदार्थाने ती आकृती वरून काढतो. पण ती पृष्ठभागावरच राहते.

बंधुभगिनींनो, येथे थांबून विचार करा. आपला विश्वास लगद्यात घातलेला आहे की वरून छापलेला आहे? ख्रिस्ती नाव, ख्रिस्ती घराणे, आजोबांच्या वेळेपासूनचे मंडळीच्या वहीतले नाव, नाताळाचे नवे कपडे, गायनमंडळातली जागा, हे सर्व चांगले आहे, पण ते वरचे छापकाम आहे. निकदेम हा छापकामात कोठेच कमी नव्हता. तरी प्रभूने त्याला सांगितले, की नव्याने जन्मले पाहिजे (योहान ३). छापकाम सुधारून भागत नाही. लगद्यापासून आरंभ व्हावा लागतो. ते काम पवित्र आत्मा करतो, आणि तेही आपण ओले, मऊ असताना, म्हणजे पश्चात्तापाने मन वितळलेले असताना करतो.

उजेडात आणखी एक गोष्ट दिसते, ती सुरक्षा धागा. नोट मेजावर ठेवली तर तो तुटक दिसतो. जरा दिसतो, मग कागदाखाली लपतो, पुन्हा वर येतो. त्यावर 'भारत' आणि रिझर्व्ह बँकेची आद्याक्षरे असतात. परंतु उजेडासमोर धरताच तोच धागा वरच्या काठापासून खालच्या काठापर्यंत एकसंध दिसतो. नकली नोटेत मात्र पुष्कळदा वरून चकाकणारे तुकडे छापलेले असतात. उजेडात ते तुकडेच राहतात.

योसेफाचे जीवन मेजावर ठेवून पाहा. एके ठिकाणी देवाचा हात दिसतो, मग खड्डा. पुन्हा पोटीफराच्या घरी दिसतो, मग तुरुंग. धागा तुटला असेच वाटते. पण शेवटी भावांशी बोलताना योसेफ ते सारे उजेडात धरतो, आणि तेथे धागा अखंड आहे (उत्पत्ती ५०:२०). जे आज आजारात आहेत, ज्यांची नोकरी गेली आहे, ज्यांच्या घरी मृत्यू येऊन गेला आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. धागा दिसत नाही म्हणजे तो नाही असे नव्हे.

तिसरी गोष्ट लहान आहे. नोटेच्या पुढच्या बाजूला एका जागी पाचशेच्या आकड्याचे काही भाग छापलेले आहेत, आणि मागच्या बाजूला बरोबर त्याच जागी उरलेले भाग. वेगवेगळे पाहिले तर अर्थ लागत नाही. उजेडासमोर धरले की दोन्ही बाजू जुळून ५०० होतात. आपल्या जीवनालाही दोन बाजू आहेत, रविवारची आणि सोमवारची. याकोबाने विश्वास आणि कृती यांविषयी लिहिले आहे ते हेच. दोन्ही बाजू नेमक्या जुळाव्या लागतात. केसभर सरकल्या तरी आकडा बिघडतो. आपल्याकडे म्हण आहे, वरून कीर्तन आतून तमाशा. ख्रिस्ती मंडळीला ती लागू पडू नये.

२. बोटांनी चाचपा

गांधीजींचे चित्र, अशोकस्तंभाची मुद्रा, काठावरच्या तिरप्या रेघा, यांवरून बोट फिरवा. खडबडीत लागते. ही उठावाची छपाई. साधी छपाई कागदावर शाई टेकवते. या छपाईत मात्र धातूच्या पाटीवर रेघा खोल कोरलेल्या असतात, त्या खाचांत शाई भरलेली असते आणि कागद फार मोठ्या दाबाने त्यांत दाबला जातो. दाबाखालून निघाल्यावर शाई कागदावर उंच उभी राहते.

इब्री लोकांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पुत्राविषयी जो ग्रीक शब्द आहे, 'खाराक्तेर', तो अशाच ठशाच्या कामातला आहे. पुत्र हा पित्याच्या स्वरूपाचा हुबेहूब ठसा आहे. आणि तो ठसा जगाला केव्हा स्पष्ट दिसला? गथशेमाने बागेत आणि वधस्तंभावर, सर्वांत मोठ्या दाबाखाली. ज्यांच्यावर पित्याला त्या पुत्राचे रूप उमटवायचे आहे (रोम ८:२९), त्यांनाही दाब चुकणार नाही. दुःख आले की देवाने सोडले असे समजू नका. सपाट छापलेली नोट दिसायला तशीच दिसते, पण बोटाला काही सांगत नाही.

पण उठावाची ही छपाई नोटेवर आणखी एका कारणासाठी उपयोगी पडते, आणि त्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्यालाही आपल्या हातात काय आहे ते कळावे, यासाठी ती आहे. पाचशेच्या नोटेच्या दोन्ही काठांवर पाच उंच रेघा आहेत, शंभराच्या नोटेवर चार. पाचशेवर उजवीकडे उंच वर्तुळ आहे, शंभरावर त्रिकोण. आंधळा माणूस अंगठा फिरवून सांगू शकतो. जानेवारी २०२० पासून रिझर्व्ह बँकेने मोबाइलवर नोट ओळखून बोलून सांगणारी सोयही केली आहे.

आपल्या आसपास असे पुष्कळ लोक आहेत ज्यांना आपले शास्त्र वाचता येत नाही, किंवा ते वाचणार नाहीत. आपल्या उपासनेतले त्यांना काही दिसत नाही. त्यांना आपण फक्त स्पर्शाने कळतो : आपण मोलकरणीला पगार वेळेवर देतो का, भाड्याच्या घराचा शब्द पाळतो का, शेजारी आजारी पडला तर रात्री उठतो का. पौल करिंथकरांना पत्र म्हणतो, सर्व लोकांनी वाचलेले पत्र (२ करिंथ ३:२-३). आंधळ्याच्या बोटालाही वाचता यावे असे ते पत्र असू द्या.

३. तिरपी करून पाहा

नोट सरळ धरली की सुरक्षा धागा हिरवा दिसतो आणि उजवीकडे खालचा रुपयाच्या चिन्हासह पाचशेचा आकडाही हिरवा दिसतो. नोट तिरपी करा. दोन्ही निळे होतात. याशिवाय नोटेत एक लपलेला ५०० आहे. तो समोरून पाहून दिसत नाही. नोट डोळ्यांच्या पातळीवर आणून कलती धरली तरच दिसतो.

येथे आपण सहसा करतो तो विचार उलटा होतो. रंग बदलणारा तो ढोंगी असे आपण म्हणतो. पण या शाईत जो नकली आहे त्याचाच रंग बदलत नाही, कारण त्याची शाई मेलेली आहे. खऱ्याचा रंग बदलतो. मात्र नीट पाहा : रंग बदलतो, आकडा बदलत नाही. निळा झाला म्हणून पाचशेचे चारशे होत नाहीत. पौल यहुद्यांबरोबर यहुदी झाला, दुर्बळांबरोबर दुर्बळ झाला (१ करिंथ ९). विपुलतेत राहिला, उपासमारीत राहिला (फिलिप्पै ४). प्रत्येक प्रसंगी त्याचा रंग निराळा, पण मोल एकच. रडणाऱ्यांबरोबर जो रडू शकत नाही आणि हसणाऱ्यांबरोबर हसू शकत नाही, त्याचा सदैव एकच रंग असणे हे खरेपणाचे लक्षण नव्हे.

आणि माणूस तिरपा केव्हा होतो? बढती मिळाल्यावर, अपमान झाल्यावर, भावाभावांत घराची वाटणी निघाल्यावर, मंडळीच्या पंचांच्या निवडणुकीत हरल्यावर. त्या कोनातून आत लपलेला आकडा दिसतो. ईयोब सरळ उभा असताना त्याची श्रीमंती दिसत होती. तो राखेत बसला तेव्हा त्याचा विश्वास दिसला.

वचन आणि सही

आतापर्यंत खुणांविषयी बोललो. पण नोटेचे मोल खुणांत नाही. तो कागदाचा तुकडाच आहे. त्यावर गांधीजींच्या चित्राच्या उजवीकडे एक वचन आहे : धारकाला पाचशे रुपये देण्याचे मी वचन देतो. त्याखाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही आहे, आणि त्या वचनामागे केंद्र सरकारची हमी आहे. खुणा एवढेच सांगतात, की हे वचन खरोखर त्याच बँकेचे आहे. मोल वचनामुळे आहे.

हा सुवार्तेचा गाभा आहे. आपण मातीची पात्रे आहोत. आपल्या चांगुलपणाच्या खुणांनी आपले तारण होत नाही. ते देवाच्या वचनाने होते. खुणा फक्त सांगतात, की ते वचन आपल्यावर लिहिलेले आहे. आत्मा हा आपल्या वतनाचा विसार आहे असे पौल म्हणतो (इफिस १:१४). जमिनीचा व्यवहार करणारा कोणीही विसार म्हणजे काय ते सांगेल.

पण माणसाचे वचन आणि देवाचे वचन यांत अंतर आहे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी रात्री जाहीर झाले, की जुन्या पाचशे व हजाराच्या नोटा मध्यरात्रीपासून व्यवहारात चालणार नाहीत. त्या नोटांची प्रत्येक खूण खरी होती. जलचिन्ह होते, धागा होता, सही होती. तरी सकाळी त्या दुकानात चालेनात, आणि बँकांपुढे रांगा लागल्या. जानेवारी १९७८ मध्येही हजार, पाच हजार व दहा हजारांच्या नोटा अशाच रद्द झाल्या होत्या. राज्यकर्त्यांना असे निर्णय घेण्याचा अधिकार असतो. त्याची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. आपल्याला एवढेच शिकायचे आहे, की ज्या वचनाला रात्री बारा वाजता अंत नाही असे वचन एकच आहे. देवाची सर्व वचने ख्रिस्तामध्ये 'होय' अशी आहेत (२ करिंथ १:२०).

खोटी नोट हातात आली तर

आता सर्वांत अवघड भाग. समजा, एखाद्या भावाच्या हातात खोटी पाचशेची नोट आली. त्याला ती कोणी दिली हे आठवत नाही. बँकेत नेली तर बँक तिच्यावर बनावट असल्याचा शिक्का मारील, ती ठेवून घेईल, पावती देईल, पण पैसे देणार नाही. नियम तसाच आहे. एका वेळी चारपर्यंत अशा नोटा निघाल्या तर बँक महिन्याच्या एकत्रित अहवालात पोलिसांना कळवते. पाच किंवा अधिक निघाल्या तर लगेच फिर्याद नोंदवते. म्हणजे एक नोट प्रामाणिकपणे पुढे करणाऱ्याला भिण्याचे कारण नाही. पण पाचशे रुपये मात्र जातात. हातावर पोट असणाऱ्याच्या घरी हा एका दिवसाचा चुलीचा प्रश्न आहे.

अशा वेळी मनात आवाज येतो : मलाही कोणी तरी फसवलेच ना? संध्याकाळी गर्दीत खपवून टाक. आणि ती कोणाकडे खपवतो? चाणाक्ष सोनाराकडे कोणी जात नाही. मिणमिणत्या दिव्याखाली भाजी विकणाऱ्या म्हातारीकडे जातो, अंधूक दिसणाऱ्या पानवाल्याकडे जातो. खोटी नोट नेहमी उताराकडे वाहते, जो अधिक दुबळा त्याच्याकडे. शेवटी ती ज्याच्या हातात अडकते तो सर्वांत गरीब असतो. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका, या आज्ञेचा (लेवीय १९:१४) याहून स्पष्ट भंग कोणता? त्याच अध्यायात पुढे खरी मापे व खरी वजने ठेवण्याची आज्ञा आहे. देशाचा कायदाही येथे कडक आहे. खोटी आहे हे ठाऊक असून नोट खपवणे हा जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकेल असा गुन्हा आहे.

पंधराव्या स्तोत्रात देवाच्या मंडपात कोण राहील याचे वर्णन आहे. स्वतःचे नुकसान झाले तरी जो शब्द बदलत नाही, तो त्यांतला एक. पाचशे रुपयांचे नुकसान सोसून खोट्याचा प्रवास आपल्यापाशी थांबवणे, ही लहान गोष्ट नाही. वधस्तंभावर प्रभूने हेच केले. जगाचे खोटे त्याने पुढे ढकलले नाही. स्वतःवर घेऊन थांबवले.

परंतु हा भार एकट्या गरीब भावावर टाकून मंडळीने मोकळे होऊ नये. मंडळीच्या गरीब निधीतून, बँकेची पावती पाहून, अशा माणसाचे नुकसान भरून देण्याची व्यवस्था पंचांनी का करू नये? वर्षातून असे प्रसंग थोडेच येतील. एकमेकांची ओझी वाहा ही आज्ञा (गलती ६:२) अशाच ठिकाणी खरी ठरते. आणि ज्याने जाणूनबुजून अशी नोट पूर्वी खपवली असेल, त्याच्यासाठी जक्कयाची वाट उघडी आहे : परत जा आणि भरून दे.

दानार्पणाची थैली

कोणत्याही मंडळीच्या खजिनदाराला विचारा, रविवारी दानार्पण मोजताना काय काय निघते. चिकटपट्टी लावलेल्या, कोपरा गेलेल्या, तेलाने भिजलेल्या, कंडक्टरने परत केलेल्या नोटा. बाजारात चालली नाही म्हणून ती देवाच्या थैलीत आली. मलाखीच्या काळी लोक आंधळे, लंगडे जनावर वेदीवर आणत. संदेष्टा त्यांना विचारतो, की हेच तुमच्या सुभेदाराला नेऊन द्या बरे, तो प्रसन्न होईल का? नोट फाटकी असल्याने देवाचे काही अडत नाही. तिच्यातून देणाऱ्याचे मन दिसते. विधवेच्या दोन टोल्यांना प्रभूने मोठे म्हटले, कारण त्या उरल्यासुरल्यातल्या नव्हत्या. ज्याच्याजवळ फाटकी दहाचीच नोट आहे त्याने ती आनंदाने टाकावी. ती विधवेची आहे. ज्याच्या पाकिटात कोऱ्या पाचशेच्या नोटा असून जो शोधून फाटकी काढतो, त्याच्यासाठी मलाखीचा प्रश्न आहे.

फाटक्या नोटेची आशा

एवढे ऐकून कोणाला वाटेल, माझे जीवन तर कधीच मळले व फाटले. मी कोणत्या तपासणीला उतरणार? त्यांच्यासाठी शेवटची गोष्ट.

फाटकी नोट ही खोटी नोट नव्हे. खोटी नोट कोरी, कडक, सुरेख असली तरी तिचे मोल शून्य. खरी नोट मळली, झिजली, दोन तुकडे झाली तरी ज्याने वचन दिले तो तिला ओळखतो. तिच्यासाठी नियम आहेत. पन्नास रुपये व त्याहून मोठ्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा शेकडा ८० हून जास्त असेल तर बँक पूर्ण रक्कम देते. ४० ते ८० असेल तर निम्मी. त्याहून कमी असेल तर काही नाही. मंडईतला दुकानदार ती परत करतो. बँक ती घेते. कारण दुकानदार तिचा कागद पाहतो, बँक आपले वचन पाहते.

आपला पिता तर मोजपट्टी घेऊनही बसत नाही. दूरदेशातून परतलेल्या मुलाचा किती भाग शाबूत आहे हे त्या बापाने मोजले नाही. शेकडा ४० हून कमी उरलेल्यालाही त्याने पूर्ण पुत्र म्हणून घेतले. फक्त एक गोष्ट झाली पाहिजे : फाटक्या नोटेने ती ज्याची आहे त्याच्याकडे आले पाहिजे. चिकटपट्टी लावून बाजारात फिरत राहिल्याने ती कधी बदलून मिळत नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी

हा पाठ मुलांना शिकवताना एक खरी शंभराची नोट वर्गात न्यावी. मुलांना ती उजेडात धरू द्यावी, डोळे मिटून चाचपू द्यावी. मग मागचा भाषांचा रकाना दाखवावा. त्यात १५ भाषांत तीच रक्कम लिहिलेली आहे. तिसरी गुजराती, चौथी कन्नड, सहावी कोकणी, आठवी मराठी, चौदावी तेलुगू. बडोदे, बेळगाव, गोवा आणि हैदराबाद येथील मुलांना आपल्या शेजाऱ्याची भाषा आपल्या भाषेच्या रकान्यातच सापडेल. लिपी निराळी, उच्चार निराळा, पण कोणत्याही ओळीत रक्कम एक पैशानेही कमी नाही. भाषेवरून माणसाचे मोल कमीजास्त करणे जेथे सोपे असते तेथे राहणाऱ्या मुलांनी हे लहानपणीच शिकावे. शेवटी प्रत्येक मुलाला आरशात पाहायला सांगावे आणि विचारावे : ही मुद्रा कोणाची?

समाप्ती

परूशांनी नाणे दाखवले, उत्तर ऐकले, आश्चर्य केले आणि निघून गेले. नाणे पुन्हा कशात गेले. देवाचे ते देवाला द्यायचे राहूनच गेले. आपणही हा लेख वाचून मासिक मिटून ठेवू शकतो.

तसे न होवो. या आठवड्यात जितक्या वेळा नोट हातात येईल, तितक्या वेळा क्षणभर थांबून आपण स्वतःला विचारू या : मी उजेडात कसा दिसतो? दुबळ्याच्या बोटाला कसा लागतो? तिरपा झालो तर माझे मोल तेच राहते का? आणि मी ज्याचा आहे त्याच्या हाती मी अजून दिला गेलो आहे का? ज्याने आपल्यावर आपली मुद्रा केली तो प्रभू आपल्याला खरे ठेवो, आणि जे फाटले आहेत त्यांना आपल्याकडे परत आणो. आमेन.